पंचेचाळीस स्टॅम्प आणि मूठभर मीठ

एजवेअर,
रविवार, ता. १२ मार्च १९८९

ती. यमुनाताई यांना विष्णूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगांनी. पैकी गुडघे डिसेंबरपासून वाकत नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात सात अंगांनी. खोटं लिहायची मला सवय नाही.)

इकडे सर्व क्षेम आहे. तिकडचं क्षेम कळत नाही, कारण तुम्ही कळवत नाही. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं नसेल तर अडचण नको म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात, एका आड एक ओळ सोडून लिहितो आहे. साताऱ्याची हवा आता चांगली असेल. गेल्या जुलैत तुमचं चार ओळींचं एरोग्राम आलं होतं, एकवीस महिन्यांच्या अबोल्यानंतर आलेलं पहिलं आणि शेवटचं. त्याला मी तीन पानी मुद्देसूद उत्तर पाठवलं. तुम्ही पत्रावर ३१ जून अशी तारीख घातली होती आणि जून महिना तिसाव्या दिवशी संपतो, हेही त्यात नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. त्यानंतर तुमचं काहीच आलं नाही. असो. वडीलधाऱ्यांचा राग हा आशीर्वादासारखाच असतो, कधीतरी फळतो.

तुम्हाला माहीतच आहे की तुमच्या धाकट्या बहिणीचा, सुनीतीचा, हा नवरा मॅट्रिकच्या पुढे शिकला नाही. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये चादरी, बँडेजं आणि बेडपॅन मोजण्यात गेली. पण या देशातला प्रत्येक सरकारी कागद मी डिक्शनरी मांडीवर घेऊन, ओळीखाली पट्टी धरून, स्वतःच्या अकलेने वाचलेला आहे. परिणाम असा की ज्यांना नावापुढे अक्षरांची आगगाडी लावता येते ते आपले डॉक्टर लोक टॅक्सचा किंवा पेन्शनचा फॉर्म आला की संध्याकाळी आमच्या दारात उभे असतात. छातीचे एक मोठे स्पेशालिस्ट आहेत, त्यांनी दोन महिने 'पत्नीचे माहेरचे नाव' या रकान्यात सातारा लिहून ठेवलं होतं. (त्यांची पत्नीही साताऱ्याची. तुमच्या ओळखीची निघेल.) मी कुणाकडून काही घेत नाही, फक्त पेन त्यांनी आणायचं असा नियम आहे. हे सगळं आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे ते कळायला माणूस किती उंचावरून पडला हे माहीत असावं लागतं, म्हणून लिहिलं.

तर बातमी अशी की आपल्या मीनलला दिवस गेले आहेत. डिसेंबरात, तीन महिने पुरे झाल्यावर, ती आणि जावई उदय ब्रॅकनेलहून आले आणि तिने चहा पिता पिता सांगितलं. मी लगेच उठून देवापुढे साखर ठेवली आणि त्यानंतर पाच मिनिटांत पेन्सिल शोधायला लागलो. आता एक अडचण बघा. मुलीचा बाप, त्यातून विधुर, त्याने मुलीला कोणते प्रश्न विचारावेत? कितवा महिना हे विचारलं की ती म्हणते सोळावा आठवडा. इथे सगळं आठवड्यात मोजतात. मोजायला सुरुवात कुठल्या दिवसापासून, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेवटी तिच्या कागदावरचा प्रसूतीचा अपेक्षित आठवडा चोरून पाहिला, चार जूनपासूनचा, आणि उलटा गेलो. सरकारी चाळीस आठवडे धरले तर चार जून येतो आणि तुमच्या आईंचे नऊ महिने नऊ दिवस धरले तर सहा जून. म्हणजे राणीचं सरकार आणि तुमची आई यांच्यात फक्त दोन दिवसांचं अंतर पडतं आणि आठवडा दोघांचा एकच! मी हे उदयला फोन करून सांगितलं. तो फक्त 'ओके' म्हणाला. कॉम्प्युटरवाल्यांना आनंद व्यक्त करता येत नाही.

मीनल मोटार शिकवते, हे तुम्हाला कळलं असेल. स्वतःची छोटी लाल गाडी, डोक्यावर तिच्या नावाची पाटी, दोन्ही सीटच्या पायाशी ब्रेक. आपल्याकडच्या कितीतरी बायका नवऱ्याकडून शिकताना रडून आल्या आणि हिच्याकडे शिकून पास झाल्या. पण धंदा स्वतःचा, त्यामुळे बाळंतपणात पगार द्यायला कुणी मालक नाही. अशा बायांना सरकार अठरा आठवडे मॅटर्निटी अलाउन्स देतं, पण एक अट आहे. जो माणूस स्वतःचा धंदा करतो त्याने नॅशनल इन्शुरन्सचा दर आठवड्याचा स्टॅम्प पोस्टातून विकत आणून कार्डावर चिकटवायचा असतो. अपेक्षित आठवड्याच्या आधीचा पंधरावा आठवडा धरायचा, तिथे संपणारं मागचं एक वर्ष घ्यायचं आणि त्या बावन्न आठवड्यांत निदान सव्वीस स्टॅम्प भरलेले हवेत. सव्वीस असले तर सगळे पैसे, पंचवीस असले तर शून्य. मला हा नियम फार आवडला. त्यात अंदाजाला जागा नाही.

जानेवारीत नियम वहीत उतरवला, बावन्न चौकोन आखले आणि मीनलच्या नावाची फाइल काढली. वरच पिवळी खूण लावलेला कागद होता. ताई, तो कागद पाहिला आणि माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली.

दोन वर्षांपूर्वी मीनलने धंदा सुरू केला तेव्हा कमाई अगदी थोडी होती. कमाई थोडी असेल तर स्टॅम्प माफ करून घेता येतात, हे शोधून काढलं कुणी? मी. फॉर्म भरला कुणी? मी. माफीचं सर्टिफिकेट आलं तेव्हा पेढे आणले, त्याची फोटोकॉपी गणपतीच्या दिवसांत आलेल्या सगळ्या डॉक्टरांना दाखवली आणि पोरीला ऐकवलं की उगाच दर आठवड्याला पोस्टात रांग लावतात ती अडाणी माणसं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं होतं. म्हणजे माझ्या बावन्न चौकोनांत भरलेले स्टॅम्प शून्य. तिच्या बाळंतपणाचे पाचशे सत्त्याण्णव पौंड साठ पेन्स बापाने पेढे वाटून बुडवले होते.

पैशांचं मी तितकं मनाला लावून घेतलं नसतं. उदय मिळवता आहे, माझ्यापाशीही थोडं आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरचं असतं ना? आता इथे माहेर म्हणजे कोण? सव्वीस वर्षांपूर्वी सुनीतीला तुम्ही साताऱ्याला नेलंत, तुमच्या हातावर ही पोर जन्मली. मी इथे तळघरात चादरी मोजत होतो. तार आली ती मी अजून जपून ठेवली आहे. पोरीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अकरा महिन्यांची होती आणि विमानतळावर मला बघून तुमचं नाव घेऊन रडली. (तेव्हा तिला 'ताई' एवढंच बोलता येत होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही, पण तारीख लिहून ठेवली.) मला डिंकाचे लाडू येत नाहीत. बाळाला अंघोळ घालता येत नाही. या माहेरातून देण्यासारखी माझ्यापाशी एकच गोष्ट होती, हिशेब. आणि नेमका तोच मी चुकवला.

पुढचे सात आठवडे मी कुणाला काही बोललो नाही. मागचे स्टॅम्प आता भरून चालतील का हे विचारायला मी रजा काढून वॉटर्लू स्टेशनमार्गे मीनलच्या भागातल्या सरकारी कचेरीत गेलो. काउंटरवरची बाई फार सभ्य होती. मी तक्ता पसरला आणि सांगायला लागलो की आमचा अपेक्षित आठवडा चार जूनचा, आमचा पंधरावा आठवडा एकोणीस फेब्रुवारीचा, आम्ही धंदा करतो आणि आम्हाला तशी मळमळ वगैरे काही नाही. तिने माझ्याकडे, माझ्या मिशांकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं (ते गेल्या वर्षापासून जरा वाढलं आहे हे खरं) आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं की क्लेम नक्की कुणाचा आहे? मुलीचा आहे म्हटल्यावर म्हणाली की तक्ता फार सुंदर आहे, पण दुसऱ्याचा रेकॉर्ड मी तुम्हाला सांगू शकत नाही, मुलीलाच विचारा. ताई, संपूर्ण ग्रेट ब्रिटनमध्ये मला ठाऊक नसलेला एकच फॉर्म निघाला आणि तो म्हणजे मुलीशी बोलायचं कसं.

काल शनिवारी शेवटी बोललो. कुठे, तेही सांगतो, हसू नका. मला गाडी चालवता येत नाही. वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक मला पाठ आहे, पण परीक्षा घेणारी माणसं पुस्तकाबाहेरचं विचारतात, म्हणून तीनदा नापास झालो. मीनल गेली दोन वर्षं मागे लागली होती, तुम्हाला मी शिकवते म्हणून. मी म्हणत असे की जे शिकायचं ते मी स्वतःचं स्वतः शिकतो. काल मात्र कबूल झालो, कारण गाडीत दोघांनीही समोर बघायचं असतं. गुन्हा कबूल करायला याहून सोयीची जागा नाही. तर मी चाकावर, बाजूला सातव्या महिन्यातली माझी मुलगी, पट्टा पोटाखालून घेतलेला, पाय तिच्या ब्रेकवर. ब्रॅकनेल गावात चौक नाहीतच, सगळीकडे वळसा घालून जायचे गोल आहेत. पहिल्या गोलाशी पोचलो आणि मी सुरुवात केली. बेटा, ते माफीचं सर्टिफिकेट आठवतं का? ती म्हणाली, "बाबा, दुसरा रस्ता घ्या." पण नियमांचं कलम सांगत असताना मला वळता येत नाही. गोलाची एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत मी बावन्न आठवडे समजावले, तिसरीत सव्वीस स्टॅम्प. (दिशा प्रदक्षिणेचीच होती, मधे डॅफोडिल्स फुललेली होती.) चौथ्या फेरीला "चूक माझी आहे" एवढं म्हटलं आणि मला समोरचं नीट दिसेना. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने नुसतं एका हाताने चाक धरून गाडी डाव्या रस्त्याला घेतली, आपला ब्रेक दाबला आणि म्हणाली, "ब्रेक मी लावला आहे. आता रडा हवं तर."

मी रडत नव्हतो. चष्म्यावर वाफ धरली होती.

मग तिने समोरचा कप्पा उघडला. आत शिकाऊ माणसांच्या लाल अक्षराच्या पाट्या, पेपरमिंटचा पुडा आणि त्याखाली एक कार्ड. "हा घ्या माझा कार्ड, मोजा." कार्डावर स्टॅम्प होते. ओळीने, काठाला काठ लावून, अगदी माझ्यासारखे चिकटवलेले. तिने ते सर्टिफिकेट केव्हाच परत करून टाकलं होतं. दर शुक्रवारी शेवटची शिकवणी झाली की पोस्टात जाऊन, मी ज्यांना अडाणी म्हटलं त्यांच्या रांगेत उभी राहून ती स्टॅम्प घेत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्हाला तो सर्टिफिकेट किती आवडत होता, बाबा!"

मी मोजले. लागत होते सव्वीस, त्या बावन्न आठवड्यांत निघाले पंचेचाळीस. दोनदा मोजले. आनंद झाला आणि लगेच माझी जुनी खोड आडवी आली. सव्वीस पुरे असताना एकोणीस जास्त का? आणि सुरुवात कुठून, तर गेल्या वर्षीच्या सतरा एप्रिलच्या आठवड्यापासून. बाळाची चाहूल लागली सप्टेंबर-ऑक्टोबरात. मग एप्रिलमध्ये हिला स्टॅम्प लावायला कुणी सांगितलं? मी बोटं ठेवत आठवडे मोजायला लागलो. एप्रिल, मे, जून. नवव्या चौकोनाशी बोट थांबलं. बारा जूनचा आठवडा. त्या सबंध कार्डावर तेवढा एकच स्टॅम्प वाकडा लागलेला होता.

ताई, त्याच आठवड्यात, पंधरा तारखेला, सुनीतीचं श्राद्ध होतं. मीनल आली नाही. फ्लू झालाय असं उदयने फोनवर सांगितलं. फ्लू काय, आईच्या श्राद्धाला कुणी फ्लूचं निमित्त सांगतं का, असं चार पानांचं पत्र मी तिला पाठवलं होतं. मुद्द्यांना नंबर घालून.

तीन महिने पुरे व्हायच्या आधी सांगायचं नसतं, म्हणून एप्रिलमध्ये ती बोलली नाही. आणि जूनमध्ये सांगायला काही उरलं नाही. आई असती तर कळलं असतं. बापाला काय सांगणार? पण त्या आठवड्यातही तिने स्टॅम्प चुकवला नाही. पुढचाही लावला आणि त्याच्या पुढचाही. सबंध उन्हाळा, काही नसताना, आठवड्याला एक. मला आयुष्यभर वाटत आलं की माणूस स्टॅम्प लावतो तो नियमासाठी.

माझी बोटं अजून त्या चौकोनावर होती. तिने आपला हात त्यांच्यावर ठेवला आणि म्हणाली, "मोजू नका ना बाबा." मी थांबलो. मग तिने कप्प्यातून एक कोरा फॉर्म काढून माझ्या मांडीवर ठेवला. अलाउन्सच्या क्लेमचा. "हा मी भरला नाही. तुमच्यासाठी ठेवला." तो मी तिथेच, गाडीच्या चाकावर कागद धरून भरला. पेन तिने दिलं. एकही खाडाखोड झाली नाही.

तर असं आहे. बाकी सर्व ठीक. उदय चांगला आहे, माणूस कमी बोलतो पण बायकोच्या चपला तिच्या पायाशी आणून ठेवतो, हे मी पाहिलं आहे. आपली प्रकृती सांभाळावी. वडीलधाऱ्यांच्या जागी आपणच, तेव्हा कमीजास्त लिहिलं असल्यास पदरात घ्यावं.

आपला आज्ञाधारक (होण्याचा प्रयत्न करणारा),
विष्णू

ता. क. १ : पत्र पाकिटात घालण्याआधी तुमचं जुलैचं एरोग्राम फाइलमधून काढून पुन्हा वाचलं. 'मीनलवर रागावू नका. पोर आली नाही त्याला कारण असेल. सगळंच मोजून कळत नाही. यमुना.' पहिल्या वाचनात मी फक्त तारीख तपासली होती. आज उदयला विचारलं. तो म्हणाला की जूनमध्ये हॉस्पिटलातून आल्यावर तिने पहिला फोन साताऱ्याला लावला होता, तुमच्या शेजाऱ्यांकडे, आणि तुम्ही पाऊण तास तिच्याशी बोललात. म्हणजे मी वर चार पानं खर्चून जे तुम्हाला सांगितलं ते तुम्हाला नऊ महिन्यांपासून माहीत होतं. ३१ जून या तारखेबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. त्या वर्षी तुम्हाला जून लांबलेला वाटला असेल, तर तो तेवढा होताच.

ता. क. २ : सोबत व्हिसाचा फॉर्म जोडला आहे. मीनलच्या लग्नाला तुम्ही आलात तेव्हा लागत नव्हता, आता लागतो. सगळा भरलेला आहे, पेन्सिलची फुली आहे तिथे फक्त सही करायची. तुम्ही गेल्या खेपेला दारात उभं राहून म्हणाला होतात की या घरात श्वासही मोजून घ्यावा लागतो, पुन्हा पाऊल टाकणार नाही. कारणही रास्तच होतं. लग्नाच्या लोणच्यात मीठ किती असं मी विचारलं, तुम्ही म्हणालात अंदाजाने, एक मूठ. आणि मी तुमची मूठ पोस्टाच्या तराजूवर रिकामी करायला लावली. चार पाहुण्यांसमोर. दोन वर्षं पाच महिने झाले, त्या लोणच्याची शेवटची बरणी मी अजून संपू दिलेली नाही. तुमची ती मूठ मला पुन्हा कधीच जमली नाही, वजन माहीत असूनसुद्धा. पहिलं बाळंतपण माहेरचं. या माहेराला बाईमाणूस नाही. एप्रिलअखेर याल का?

ता. क. ३ : तुम्हाला राग येणारी स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावांची आणि तारखांची लेबलं मी आज सकाळी सगळी काढून टाकली. त्यामुळे दुपारी आमटीत गोडा मसाला समजून कॉफी पडली. तरी लेबलं पुन्हा लावणार नाही.

ता. क. ४ : मीनल म्हणते मावशीला काहीही आणू नको म्हणून लिहा. तिचं ऐकू नका. डिंक, अळीव आणि बाळंतशोपा आणाव्यात. किती, ते मी लिहीत नाही. अंदाजाने आणा.